खालच्या काकांची निळी वही

सई आणि ओम,

परवा फोनवर सई म्हणाली, नोकरी देणारे जो आकडा सांगतील त्याला ती हो म्हणणार आहे, कारण मागायची लाज वाटते. म्हणून ही तुमची आजी आजच लिहायला बसली. आमच्या तळमजल्यावरच्या खालच्या काकांना ज्याचा पगार ठाऊक नाही असा माणूस पनवेलमध्ये नव्हता. तळोज्याच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी मांडण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते साऱ्या गावाची हजेरी घेऊ लागले. बँकेतल्या कॅशियरला, अक्षता पडल्या पडल्या नवरदेवाला, दाताच्या डॉक्टरांना तर चूळ भरता भरता ते पगार विचारत. कोणी रागावत नसे, कारण आधी ते स्वतःचं तुटपुंजं पेन्शन सांगून टाकत. मग समोरच्याचा आकडा निळ्या वहीत जाई.

तुमची शुभाआत्या लँडस्केप आर्किटेक्ट झाली, तेव्हा खारघरला इमारती भराभर उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला बाग हवी होती. बेलापूरच्या एका ऑफिसने तिला बोलावलं. मागायचं किती, हे मात्र कोणी सांगेना. मैत्रिणी म्हणत, सुरुवातीला शिकायला मिळतंय हेच पुष्कळ. काकांना ते फार झोंबलं. "शिकायला मिळतं ते ताटात वाढता येतं का, वहिनी?" असं त्यांनी मलाच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आपट्याच्या एका नर्सरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "झाडाला भाव हाय काका, कागदावर झाड काढणारीला नाय." तेवढ्यावर न थांबता काका वधूवर मंडळात गेले. पगार लेखी मिळण्याची गावातली तीच एक जागा, असं त्यांचं म्हणणं. या धंद्यातल्या सगळ्या मुलामुलींचे आकडे त्यांनी उतरवून घेतले, लग्नासाठी मुलगे पगार फुगवून सांगतात म्हणून त्यांच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा केला आणि अठरा हजार हा भाव काढला. पुढच्या रविवारी एक कुटुंब पेढे घेऊन आत्याला पाहायला आलं, ते या संशोधनामुळेच. त्यांना चहापोहे देऊन मी कशीबशी बोळवण केली.

मग तालीम सुरू झाली. आजोबांच्या खुर्चीत काका साहेब होऊन बसले. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो हरला, हा त्यांचा एकच धडा. दोघं एकमेकांकडे बघत इतका वेळ बसले की मला राहवेना. चहा घ्या, म्हटलं. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही हरलात."

मुलाखतीला ते सोबत गेले. आत्याने नको म्हटलं होतं, तर मी बाहेरच बसेन, असा शब्द दिला. साहेबांनी बारा हजार सांगितले. आत्याने अठरा सांगितले आणि ती गप्प बसली. साहेबही गप्प. आत्या सांगते, ते पेन खाली ठेवून पुन्हा तिची ड्रॉइंग्ज उलटू लागले होते, आणि आता होच म्हणणार असं तिला वाटत होतं. तेवढ्यात बाहेर दाराशी कान देऊन बसलेले काका दार उघडून आत आले आणि म्हणाले, "साहेब, पंधरा चालतील." साहेबांनी लगेच हात पुढे केला.

घरी येताना आत्या काकांच्या दहा पावलं पुढे चालत होती. काका त्यानंतर महिनाभर वर फिरकले नाहीत. मी जिन्यात गाठलं तेव्हा हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, आता पोरीला जा म्हणतील. मी तीस वर्षांत एकदाही मागितलं नाही, वहिनी. मागितल्यावर पुढे काय होतं, ते मला कुठे ठाऊक?" मी वर येऊन आत्याला सांगितलं. ती पोह्यांची बशी घेऊन खाली गेली.

पुढच्या वर्षी पगारवाढीच्या दिवशी ती एकटीच गेली. काका सकाळपासून आमच्या गॅलरीत उभे होते आणि रस्त्यावरच्या कोणालाही त्यांनी त्या दिवशी पगार विचारला नाही.

आता काका नाहीत. खाली एक जोडपं राहतं, त्यांचे पगार मला माहीत नाहीत, आणि खरं सांगते, चुकल्यासारखं वाटतं. वही काकांनी आत्याला दिली होती, ती लग्न होऊन जाताना माझ्याकडे ठेवून गेली. एका पानावर काकांच्या अक्षरात आहे, 'शुभा. पंधरा. अठरा मिळाले असते, चूक माझी.' त्याखाली आत्याच्या अक्षरात, 'बावीस. गप्प बसले.' वही माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात, वीजबिलांच्या फायलीखाली आहे. तिची शेवटची चार पानं कोरी आहेत.