आधी घाम, मग घास

पुस्तक उघडायच्या आधी मिलिंद त्याचा वास घ्यायचा. आमच्या गिरगावातल्या वाचनालयात तो पहिल्यांदा आला तेव्हा मी काउंटरवर होते. जुन्या मुंबईकर घराण्यांमधल्या स्वयंपाकाचं एक पुस्तक त्याने मागितलं. मी काढून दिलं, तर या गृहस्थाने ते नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "ताई, हे कुणीतरी ओट्यापाशी उभं राहून वाचलंय. हळद आहे. आणि मागून थोडे सुके बोंबील." मला ते आगाऊपणाचं वाटलं. पुस्तक परत घेऊन मी पानं चाळली. मधल्या एका पानावर हळदीचं बोट अगदी स्वच्छ उमटलेलं होतं. बोंबलांचं मात्र मला काही कळलं नाही. "सारखं पुस्तकात नाक खुपसून बसता, मग कसं कळणार?" असं म्हणून तो हसला आणि त्याच दिवशी सभासद झाला.

तो मिलिंद गेला. फणसवाडीतल्या आपल्या घरात सकाळी चहा करायला त्याने शेगडी पेटवली, आणि खोलीत साठलेल्या गॅसचा भडका उडाला. हे वाक्य मी अनेकदा लिहून खोडलं आहे. लिहिताना प्रत्येक वेळी असं वाटतं की आपण दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितो आहोत. आणि त्यावर आणखी एक शब्द येऊन बसला: मुद्दाम. एवढं नाक असलेल्या माणसाला गॅसचा वास येत नाही, हे कुणाला पटणार? तेव्हा त्याने ते मुद्दामच केलं असणार, असं चाळीच्या जिन्यात, दुधाच्या दुकानात, आमच्या वाचनालयातसुद्धा दबक्या आवाजात बोललं जाऊ लागलं.

मिलिंदच्या घराण्यात सगळे कारकून, फार तर वकील. त्यानेही काही वर्षं बँकेत काढली आणि मग एक दिवस राजीनामा देऊन भटकंतीची कंपनी काढली. भटकंती म्हणजे बसमध्ये बसून खिडकीतून बघणं नव्हे. त्याच्याकडे येणाऱ्याला सायकल मारावी लागे, होडी वल्हवावी लागे, हिवाळ्यात दोराला लटकून सह्याद्रीचा कडा उतरावा लागे. मग कुठे जेवण. कड्याखाली पिठलं-भाकरी, घोडपदेवच्या चाळीत एखाद्या मालवणी घरी वडे-सागोती, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून पायी हिंडून झाल्यावर गरम चिवडा. कंपनीच्या टी-शर्टांवर पाठीमागे त्याचंच वाक्य छापलेलं होतं: आधी घाम, मग घास.

त्याची एक पेयांची सहलही होती. परळहून दादरपर्यंत चालत जायचं आणि वाटेत सोलकढी, पियूष, ताक, कोकम असं काय काय पीत जायचं. एकदा एक बडे साहेब दादरला पियूषचा पेला हातात घेऊन कुरकुरले, "अहो, ड्रिंक्स टूर म्हणून पैसे घेतलेत. हे काय ड्रिंक आहे?" मिलिंद गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, चढणार नाही. पण उतरेल छान." साहेबांनी दुसरा पेला मागितला.

थट्टा करणारा हा माणूस एका बाबतीत मात्र करडा होता. सायकलवर बसण्यापूर्वी तो प्रत्येकाच्या हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्यात स्वतःची बोटं घालून बघायचा. "दोन बोटं गेली पाहिजेत. तीन गेली तर सैल, एक गेलं तर फास." कुणी वैतागून म्हणालं, की डोकं माझं आहे ना, तर तो म्हणायचा, "डोकं तुमचं, पण सहल माझी." दोर, गाठी, कड्या, सगळं तो स्वतः हाताळून बघायचा. इतक्या वर्षांत त्याच्या सहलीत कुणाला साधं खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. 

पण लोक यायचे ते त्याच्या नाकासाठी. लालबागला मसाल्याच्या गिरणीसमोर तो डोळे मिटून उभा राही आणि आत कुठल्या मिरच्या कुटल्या जात आहेत ते सांगे. पाहुणे आत जाऊन खात्री करून घेत आणि टाळ्या वाजवत. खाण्याचं ताट आलं की आधी नाकाशी धरायचं, आणि मग ते काय काय सांगतं आहे ते लोकांना ऐकवायचं. "घास बोलतो, ताई. आपण चावायच्या घाईत ऐकत नाही," असं तो मला म्हणाला होता.

मग ती मोठी साथ आली. तिच्यात मिलिंदही आजारी पडला, बरा झाला, आणि सगळं सुरू झाल्यावर पुन्हा सहली नेऊ लागला. तोवर मी निवृत्त झाले होते. "आता तरी पुस्तकातनं नाक काढा," म्हणून तो मला कधीमधी चालत्या सहलींना ओढून नेई. त्याची पद्धत थोडी बदलली आहे हे मला दिसत होतं. आता तो स्वतः सांगत नसे, पाहुण्यांनाच विचारी, "बोला, काय लागलं जिभेला?" सगळे जीव ओतून सांगत. मला वाटलं, वय वाढलं तसा हा चांगला शिक्षक झाला.

एका सकाळी कफ परेडच्या मच्छीमार नगरात त्याची मंडळी सायकलवरून पोचली. मी आपली बसने गेले होते. तिथे चंद्राबाई म्हणून एक कोळीण आहे. मासळी वाळवते, आणि मिलिंदच्या पाहुण्यांना न्याहारी करून घालते. त्या दिवशी तिच्या सुनेने चहा केला. मासळीला लागणारं मीठ त्या घरात पावलोपावली ठेवलेलं असतं, तसा एक डबा ओट्यावरही होता. सुनेने साखर समजून तेच घातलं. पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मी तर दाराबाहेर जाऊन चूळ भरून आले. मिलिंदने कप संपवला, खाली ठेवला आणि म्हणाला, "फक्कड! चंद्राबाई, सून तयार झाली तुझी."

चंद्राबाईने तोवर स्वतःचा घोट घेतला होता. ती ओरडली, "अरं मेल्या, मीठ परलंय त्यान! सगला गिललास?"

त्याने आधी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसून म्हणाला, "सून नवी आहे. तिच्या हातचं टाकायचं कसं?" पाहुणे खूश झाले. चंद्राबाईची सून डोळे पुसत हसली. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे म्हणाले. मीच तेवढी त्याच्या समोर बसले होते. तो रिकाम्या कपाच्या तळाशी बघत होता.

परतताना तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "ताई, मला काही लागत नाही. त्या आजारापासून वास गेला, चव गेली. तिखट तेवढं कळतं, पण ती चव नाही, चिमटा आहे. कुरकुरीत कळतं, गरम कळतं. बाकी सगळं कागद."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. वाट बघा म्हणतात."

"मग लोकांना सांगून टाक की."

"ताई, ही कंपनी नाकावर चालते. नाक गेलं हे सांगितलं तर नाकच कापलं जाईल. माणसं येतील कशाला?"

मी विचारलं, "वैशालीला तरी माहीत आहे?"

वैशाली त्याची बायको. ती शाळेत शिकवते, आणि तिच्या हातचं जेवण हा त्याच्या बोलण्यातला कायमचा विषय. तो मान हलवून म्हणाला, "नाही. तिला सांगितलं तर रोज ताट वाढून माझ्याकडे बघत बसेल. आज आलं का, आज काही कळलं का? घरात रोज निकाल लागायला नको, ताई. परत आलं की सांगेन. तुम्हीही बोलायचं नाही."

मी विचारलं, की मग घरी जेवताना कसं निभावतोस? त्याने सांगितलेलं मी शब्दशः लिहिते, कारण पुढे मला ते वैशालीला सांगावं लागलं. तो म्हणाला, "वाढणाऱ्याचा चेहरा बघायचा. पदार्थ जमला असेल तर वाढणारा तुमच्याकडे बघतो आणि ओठांत हसतो. बिघडला असेल तर वाढून होताच आत वळतो. चेहरा चुकत नाही."

त्या दिवसापासून मी त्याची जीभ झाले. पहिला घास मी घ्यायचा. ठीक असेल तर चष्मा सारखा करायचा, नसेल तर काढून पुसायचा. घोडपदेवला एकदा सागोती किंचित करपली होती, तेव्हा मी चष्मा पुसता पुसता त्याच्या कानाशी 'करपली' म्हटलं, आणि मिलिंद घरच्या बाईंना हळूच म्हणाला, "वैनी, आज जरा खाली लागली काय?" त्या चकित होऊन म्हणाल्या, "खावच्या आधीच कळला तुमका? नाक हा की काय हा!" बाहेर आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं, हे लपवत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवलं, आणि आता माझ्या एका शब्दावर कुणाची तरी सहल चालत होती.

जिभेची सोय अशी लागली. नाकाचं दुसरंही काही काम असतं, हे दोर आणि गाठी तपासणाऱ्या त्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या शनिवारी मी चौपाटीवर पाहुण्यांबरोबर उभी होते. मिलिंदला कधी उशीर होत नसे. फोन लागेना, म्हणून मी फणसवाडीकडे चालू लागले. वाडीच्या तोंडाशी अग्निशमन दलाची गाडी होती. चाळीखाली त्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या, हॅण्डलला हेल्मेटं लटकवलेली, निघायच्या तयारीत. शेजारचे बापट अनवाणी उभे होते. जो भेटेल त्याला तेच तेच सांगत होते, "अहो, मला गॅलरीत वास आला. म्हटलं, याला उठवावं. दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात… अहो, मला वास आला, मग त्याला कसा नाही आला?"

शेगडी, नळी, सगळं जळून गेलं होतं. गॅस कुठून गळला हे कुणालाच सांगता येईना. कबुतरांच्या त्रासाने तो खिडक्या नेहमीच लावून घेत असे, पण आता बंद खिडक्यांनाही अर्थ चिकटला. त्यातून वैशाली घरी नव्हती. भांडण होऊन ती लालबागला बहिणीकडे गेली होती, हेही बाहेर आलं. चौकीतल्या साहेबांनी तिला विचारलं, "मिस्टर काही टेन्शनमध्ये होते का?" 

दहाव्याच्या आत मी लालबागला गेले. वैशाली पलंगाच्या कडेला बसून होती. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "ताई, माझ्यामुळे झालं. त्याच्या वाढदिवसाला मी आईच्या पद्धतीचं कालवण केलं होतं, कितीतरी वर्षांनी. त्याने गिळलं आणि उठला. ओळखलंसुद्धा नाही. मी म्हटलं, तुला जगातल्या सगळ्यांचं खाणं कळतं, फक्त घरचं कळत नाही.  मग दुसऱ्या दिवशी मी बघायचं ठरवलं. आमटीत मीठच घातलं नाही. त्याने दोन वाट्या घेतल्या. म्हणाला, 'छान झालीय.' ताई, त्याला मी दिसतच नव्हते. मी बॅग भरली आणि निघून आले. आणि त्याने हे केलं."

मिलिंदला मी शब्द दिला होता. पण तो शब्द पाळायचा तर दुसरा एक शब्द तिच्या गळ्यात आयुष्यभर राहणार होता. मी सगळं सांगितलं. खारट चहा, रिकामा कप, चष्म्याची खूण, आणि तो तिला का सांगत नव्हता तेही.

ती ऐकत राहिली. तिचा चेहरा मला वाचता येईना. मग म्हणाली, "म्हणजे त्याला गॅसचा वास…"

"येणं शक्यच नव्हतं."

"म्हणजे त्याने मुद्दाम नाही केलं."

"नाही. सायकली खाली उभ्या होत्या, वैशाली. हेल्मेटं लटकवून ठेवली होती."

तिने डोळे मिटून घेतले. मग उठली, केस बांधले, पर्स घेतली. म्हणाली, "चला चौकीत. तुम्ही सांगा त्यांना. बापटांनाही सांगू, चंद्राबाईलाही. सगळ्यांना सांगू. नाक कापलं जाऊ दे त्याचं, पण मुद्दाम हा शब्द नको."

दारात चप्पल घालता घालता ती थांबली. "पण ताई, काही लागतच नव्हतं, तर छान कशावरून म्हणाला?"

खोटं सांगायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. मी खरं तेच सांगितलं, की तो वाढणाऱ्याचा चेहरा बघायचा. जमलं असेल तर वाढणारा ओठांत हसतो, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

वैशालीने मागे वळून आत पाहिलं. आत तिच्या बहिणीने कशाला तरी फोडणी दिली होती, तिचा वास बाहेर येत होता.

"त्याला संशय येऊ नये म्हणून," ती म्हणाली, "आमटी वाढताना मी मुद्दाम हसले होते."