अंधारबाईंची नजर

रुग्णालयात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मोठ्या डॉक्टरांपासून ते वॉर्डातल्या आयांपर्यंत सगळे त्यांना अंधारबाई म्हणत, आणि बाईही त्या नावाला बिनदिक्कत ओ देत. एक्स-रे विभागाच्या डार्करूममध्ये त्यांची चोवीस वर्षं गेली. लाल दिव्याखाली फिल्म धुवायची, वाळवायची, उजेडाच्या पेटीवर लावून एकदा नजरेखालून घालायची आणि डॉक्टरांकडे न्यायची. निदान करणं हे काही त्यांचं काम नव्हतं. पण एखाद्या नवख्या डॉक्टरच्या नजरेतून मनगटाच्या हाडातली केसाएवढी चीर निसटली, तर बाई दारातून मागे वळत. "साहेब, ही जरा पुन्हा लावून बघता का? इथे डाग राहिलाय असं वाटतंय, माझ्याच धुण्यात चूक झाली असेल." डाग कधीच नसायचा. चीर मात्र असायची.

पुढे डार्करूम बंद झाली, तिथे चादरींची कपाटं आली आणि बाई कॉम्प्युटरवर आल्या. शेवटची नऊ वर्षं रोज सकाळी त्यांचं पहिलं काम म्हणजे डॉक्टरांच्या स्क्रीन तपासणं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या चौकोनांचं एक चित्र लावायचं आणि अगदी काळ्या चौकोनाच्या पोटात त्याहून जरासा फिका इवला चौकोन दिसतोय का ते पाहायचं. नाही दिसला, तर ती स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत बाद. मग कोणी का बोंबलेना.

निवृत्त झाल्यावर बाई धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. बहीण घरीच कपडे शिवायची. तिची चोवीस वर्षांची मुलगी कुरिअर कंपनीच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायची आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून गेम खेळायची. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरे पाच, आणि एकमेकांना शोधून गोळ्या घालायच्या. शहरात त्यांच्या रीतसर स्पर्धा चालत. पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतून "जिन्याखाली! जिन्याखाली आहे! मेले मी!" अशी आरोळी आली, तेव्हा बाई चप्पल न घालताच धावल्या होत्या.

"ताई, तू लक्ष नको देऊस," मशीन न थांबवता बहीण म्हणाली. "ती दिवसातून वीसदा मरते."

महिनाभरानंतर मात्र भाची एका संध्याकाळी हेडफोन काढून नुसतीच बसून राहिली. संघाचा कप्तान एका बेकरीत कामाला होता, तोंडाने फटकळ. त्याने तिला पुढच्या सामन्यासाठी राखीव खेळाडूंत टाकलं होतं. कारण एकच: अंधाऱ्या कोपऱ्यातला माणूस तिला दिसतच नसे, आणि तो तिला टिपून मोकळा होई.

"डोळे तपासून घे म्हटलं, तर तेही केलं," बहीण म्हणाली. "डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत."

"दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" बाईंनी विचारलं. "अंधुक दिसतं, की दिसतच नाही?"

भाचीने मान वर केली. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "दिसतच नाही गं मावशी. काळं म्हणजे काळंच."

"दाखव बघू मला."

बाई खुर्ची ओढून बसल्या. गोळीबाराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, पाहिली ती फक्त स्क्रीन. रंग असे भडक, की नजर ठरेना. भाचीच्या पाठीमागची खिडकी काचेत उमटली होती, आणि जिन्याखालचा भाग डांबर ओतल्यासारखा.

"हे असं कोणी लावलंय?"

"मीच. एका मोठ्या खेळाडूच्या व्हिडिओत बघून. तो जगात पहिला आला होता."

"असेल. पण तो काही तुझ्या खोलीत बसत नाही ना? हा दुसऱ्याचा चष्मा आहे, आणि तू म्हणतेस मला का दिसत नाही!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दोघींनी टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली आणि पडदा अर्धा ओढला. मग बाई म्हणाल्या, "आता दहा मिनिटं गप्प बसायचं. डोळे उजेडाला सरावू देत."

"दहा मिनिटं? फोन बघू?"

"फोनही नाही."

भाचीने ती दहा मिनिटं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. बाई मात्र मजेत भिंतीकडे बघत होत्या. अशी दहा मिनिटं त्यांनी जन्मभर काढली होती.

भाचीने इंटरनेटवरून तसंच चौकोनांचं चित्र शोधलं आणि बाई मॉनिटरच्या मागची बटणं चाचपत बसल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा त्यांचा दंडक. कॉन्ट्रास्ट आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग आधी बंद केलं. ब्राइटनेस उतरवला. रंग निम्म्यावर आणले. तासाभराने काळ्या चौकोनातला इवला चौकोन दिसू लागला, तेव्हा बाईंनी समाधानाने पेन ठेवलं. "घे. आता यावर फुप्फुसाचा एक्स-रेसुद्धा वाचता येईल."

भाची खेळली आणि पाच मिनिटांत सहा वेळा मेली.

"मावशी, कालच्याहून वाईट! सगळं दिसतंय, भिंतीवरचा तडासुद्धा दिसतो, पण माणूस कुठाय तेच कळत नाही. सगळंच एकसारखं."

बाईंना ते झोंबलं. त्यांनी लावलेल्या स्क्रीनला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, उगाचच चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती. डॉक्टरला सगळं दिसायला हवं, कारण काय शोधायचं ते त्याला आधी माहीत नसतं. हिला माहीत आहे. हिला माणूस शोधायचाय, तोही पापणी लवायच्या आत. भिंतीवरचे तडे बघून ती काय करणार?

चहाचे कप घेऊनच त्या परतल्या. "बस. पुन्हा करू. या वेळी मी वहीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार."

मग भाची खेळत राहिली आणि बाई बटणं फिरवत राहिल्या. मॉनिटरमध्ये फक्त अंधारा भाग उजळणारं एक सेटिंग होतं. ते दोन घरं चढवलं, तिसरं चढवल्यावर सगळं राखेसारखं झालं म्हणून पुन्हा दोनावर आणलं. रंग थोडे वाढवले, तशी भिंतीपुढून माणसं वेगळी उठून आली. तरी बाईंच्या कपाळावरची आठी जाईना.

"हा माणूस पळतो तेव्हा त्याला शेपूट का येतं? पेशंट हलला की फिल्मवर असंच यायचं."

भाची थबकली. हे तिच्या इतकं सवयीचं झालं होतं, की दिसेनासं झालं होतं. तिने कॉम्प्युटरची सेटिंग उघडली आणि कपाळावर हात मारला. मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकणारा, आणि कॉम्प्युटर त्याला साठच देत होता! घेतल्यापासून, म्हणजे दीड वर्षं. एक आकडा बदलला आणि माणसं लोण्यातून सुरी फिरावी तशी पळू लागली. शेपटाचा उरलासुरला ठिपका होता, तो बाईंनी मॉनिटरचं वेग वाढवणारं सेटिंग टोकावरून मधे आणल्यावर गेला.

पुढच्या रविवारी संघातल्या एकाचा हात दुखावला आणि भाचीला आयत्या वेळी घेतलं. बाई मागे खुर्चीवर, बहीण मशीन बंद करून दारात. पहिली लढत संघ हरला. दुसरीत भाची त्याच जिन्यापाशी आली, थांबली आणि अंधारात दोन गोळ्या घातल्या.

"काय होतं तिथे?" बहिणीने कुजबुजत विचारलं.

"माणूस होता," बाई म्हणाल्या. त्यांनाही तो दिसला होता.

ती लढत जिंकली, तिसरीही. हेडफोनमधून कप्तानाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "तुला आज झालंय काय? स्क्रीन बदललीस?"

"नाही. मावशीने लावून दिली."

दोन दिवसांनी कप्तानाचा निरोप आला, मावशी माझ्याकडे येतील का? बाई वही घेऊन गेल्या. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली, हवेला भाजल्या पावाचा वास. तिथे तो आवाजाइतका फटकळ नव्हता. बाईंसाठी त्याने उशीची खुर्ची आणून ठेवली होती.

स्क्रीन बरी निघाली. पण तो खेळत असताना बाईंनी एक गोष्ट टिपली. झाडीतल्या शत्रूभोवती गेमनेच काढलेली ठसठशीत लाल रेघ होती, आणि तो तिच्यावरून नजर फिरवून पुढे जात होता.

"तिथे कोण आहे, दिसतंय तुला?"

"कुठे?"

बाईंनी वही बाजूला ठेवली. "बेकरीत बिस्किटांवरचे लाल-हिरवे तुकडे तुला चटकन वेगळे कळतात का रे?"

त्याने माऊस सोडला. "नाही. सगळे हसतात. मला वाटायचं, माझं लक्ष नसतं."

"लक्ष आहे. तुझ्या डोळ्यांना ते दोन रंग सारखे वाटतात, एवढंच. पुष्कळांचं असतं. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घे. आणि या गेममध्ये रेघेचा रंग बदलता येत असेल, तर पिवळा कर."

बदलता येत होता. पिवळी रेघ उमटली, तसा तो खुर्चीतून अर्धा उठला. "अरे, इथे तर तिघं आहेत!" मग बाईंकडे वळून, अजिजीने म्हणाला, "मावशी, तुमच्या भाचीला मी फार बोललो हो. मलाच दिसत नव्हतं."

"ते तिला सांग," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून त्यांनी वहीत नवीन पान उघडलं. वर लिहिलं, 'बेकरीवाला. खिडकी डावीकडे. रेघ पिवळी.' शेजारी तो लहान मुलासारखं विचारत होता की झाडीमागे आणखी कोण कोण आहे, आणि बाई स्क्रीनला बोट न लावता, एकेक करून, दाखवत होत्या.