जावेची ओळ

कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग उघडलं की आवाजाचे डोंगर दिसतात आणि शांततेच्या सपाट रेघा. मावळातल्या यमुनाबाईंचं भात कांडतानाचं गाणं उघडलं, तर प्रत्येक ओळीनंतर एक लांबलचक रेघ. मी पडलो गाणी जमवणारा महापंडित! सगळ्या रेघा कापून टाकल्या, गाणं कसं गुटगुटीत केलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना ऐकवायला गेलो.

ऐकता ऐकता यमुनाबाईंचा चेहरा उतरला. “माझ्या जावेला कुठं टाकलंत, दादा?”

उखळाशी दोघी जावा समोरासमोर उभ्या राहायच्या. हिचं मुसळ वर गेलं की तिचं खाली. एक ओळ हिची, पुढची तिची. जाऊ वारून पाच वर्षं झाली होती.

“मग तिचीही ओळ तुम्हीच म्हणायची की.”

“तिची कशी म्हणू? जिती असती तर झिंज्या उपटल्या असत्या माझ्या!”

मी न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यांची ओळ संपली आणि मग काहीच नाही. इतकी गावं पालथी घातली, पण गाण्यातली अशी राखून ठेवलेली जागाही जपायची असते, हे मला कुठे ठाऊक होतं? भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. यमुनाबाई मात्र डोळे मिटून, मान हलवत ऐकत होत्या. रेकॉर्डिंगमधली त्यांची पुढची ओळ सुरू झाली, तशा त्या खुदकन हसल्या.

“ऐकलंत? मेली तरी शेवट लांबवायची खोड जात नाही भवानीची!”