तबकडीवरचं बोट

राणीसावरगावात माझ्या बहिणीच्या लग्नात लाउडस्पीकर लावायला तो आला होता. नाव मी विचारलंच नाही. नवरदेवाच्या मामांनी हौसेनं सिनेमाच्या संवादांची नवीकोरी तबकडी आणलेली. त्याच्या जुन्या यंत्राला एकच वेग, तोही नव्या तबकडीला फार. खलनायक उंदरासारखा चिरकला. मांडव हसला, मामा भडकले.

“थट्टा करायलात का आमची?”

वडिलांचा चेहरा उतरला. त्या माणसानं मात्र शांतपणे तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं आणि आवाज भारदस्त झाला. पंगत बसली तरी तो तसाच बोट टेकवून बसलेला.

मामा म्हणाले, “जेव की आता.”

“बोट उचललं की परत उंदीर बोलतंय, मामा.”

मामा खो-खो हसले. त्यांनी बुंदीचा लाडू स्वतःच्या हातानं त्याला भरवला. तेव्हा कुठे वडिलांनी फेटा सैल केला.