‘न्हाई का’ची रुजवात

आता मी लातूरला एका छापखान्यात प्रश्नपत्रिका तपासते. इथे फार तर ऱ्हस्व-दीर्घाचा खून होतो. पण त्याआधी सहा वर्षं मी नांदेडला, कोर्टामागच्या गल्लीत, एका फौजदारी वकिलाकडे टायपिस्ट होते, आणि त्या सहा वर्षांत सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मी माणसं मारली. कुऱ्हाडीने, विळ्याने, मुसळाने, एकदा तर मोटारीच्या पाइपाने. लोह्याचा चुलता, भोकरचा मेव्हणा, अर्धापूरचा भाऊ. कागदावर का होईना, सगळे माझ्या बोटांखाली पडले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की वरणाकडे बघवायचं नाही.

आमचे वकीलसाहेब आरोपीच्या बाजूने उभे राहायचे. साक्षीदार पोलिसांना एक सांगतो आणि कोर्टात दुसरं, ह्या एका गोष्टीवर त्यांचं दुकान चालायचं. पोलिसांपुढे ‘एक घाव’ आणि कोर्टात ‘तीन घाव’ असं निघालं की साहेब उलटतपासणीत त्या साक्षीदाराला उभा चिरायचे. त्यासाठी दोन्ही जबाब शब्दाला शब्द लावून बघावे लागतात. ह्याला रुजवात म्हणतात. एकाने एक कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने दुसऱ्या कागदावर बोट सरकवत जायचं.

वाचायचं काम मुन्शीचाचांचं. चाळीस वर्षं वकिलांकडे मुन्शीगिरी केलेला माणूस, गालात कायम सुपारी. खून वाचताना त्यांचा आवाज किराणा मालाची यादी वाचल्यासारखा सरळ असायचा. “त्याचा कान तुटून लोंबाया लागला, स्वल्पविराम, मंग म्या पळालो, पूर्णविराम.” मी समोर बसून बोट सरकवायची, आणि इथेच घोडं पेंड खायचं, कारण डाव्या कानाने मला धड ऐकू येत नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने मारलेल्या थपडेत पडदा फाटला. भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी तेच पातेलं उचलून त्याच्या तोंडावर हाणलं आणि तीन महिन्यांनी घर सोडलं, पण कान काही परत आला नाही. मारणाऱ्याची मला तेव्हापासून जी चीड आहे ती आजही आहे, आणि तरी मी पोटासाठी मारणाऱ्यांच्याच वकिलाकडे बसले होते. हे मला कळत नव्हतं असं नाही.

एका केसमध्ये चाचांनी वाचलेला ‘डावा’ मला ऐकूच आला नाही. कागदावर ‘उजवा’ होता, बोट पुढे गेलं, फरक निसटला, आणि साहेब भर कोर्टात तोंडघशी पडले. परत आल्यावर त्यांनी फाइल माझ्या अंगावर फेकली. “बहिरी आहेस का?”

“हो, आहे!” मी ओरडले आणि स्टेपलर भिंतीवर आपटला. भिंतीचा पोपडा पडला. मला काढलं नाही, कारण माझ्याइतकं भराभर मराठी टाइप करणारं दुसरं कुणी त्या गल्लीत नव्हतं.

त्या रागातच मी कॉम्प्युटरवर दोन जबाब ताडून बघणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. व्हिडिओ बघून बघून शिकले. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर एक ओळ लिहायची: कमांडचं नाव, पुढे दोन फायलींची नावं. एंटर दाबलं की जिथे फरक असेल तेवढंच उमटायचं, पोलिसांपुढचं वाक्य उणे चिन्ह लावून आणि कोर्टातलं अधिक चिन्ह लावून. फरक नसेल तर पडदा गप्प. दोन तासांची रुजवात चहा निवायच्या आत व्हायला लागली. चाचा म्हणाले, “बेटा, ‘ध’चा ‘मा’ माणूस पकडतो, मशीन न्हाई.” पण पहिल्याच आठवड्यात तिने एक ‘पाठीवर’ आणि एक ‘पोटावर’ पकडला, आणि तो साक्षीदार कोर्टात रडत खाली बसला. मला आनंद झाला. लपवून काय करू, कुणाला तरी नेमकं लागावं असं हाणण्याचा जो आनंद असतो तोच होता.

मग आमच्याकडे एका जमादाराने घेतलेले जबाब यायला लागले. बाकीचे पोलीस ‘विचारले असता सांगतो की’ असल्या भाषेत लिहितात. हा गडी माणूस बोलेल तसं लिहायचा. म्या, व्हता, लई, हाव, सगळं जसंच्या तसं. कोर्टातली साक्ष मात्र शुद्ध मराठीत उतरते. त्यामुळे माझ्या पडद्यावर सगळ्याच ओळी फरकाच्या म्हणून यायला लागल्या. मी एक यादी केली: ‘म्या’ म्हणजे ‘मी’ समज, ‘लई’ म्हणजे ‘खूप’ समज, ‘हाव’ म्हणजे ‘हो’. ते जमलं. जमलं नाही ते ‘न्हाई का’.

आमची माणसं गोष्ट सांगताना दर वाक्याला ‘न्हाई का’ लावतात. “म्या शेतात गेलो न्हाई का, तवा त्यो आला न्हाई का.” त्याचा अर्थ गेलो नाही, आला नाही, असा नसतो. उलट गेलोच, आलाच, तुम्हाला ठाऊकच आहे, असा असतो. जमादार ते सगळं इमानदारीत लिहायचा. मी स्क्रिप्टला सांगितलं, ‘न्हाई का’ दिसला की उडव. पण ती एकेक ओळ घेऊन साफ करायची, आणि जमादाराचा ‘न्हाई’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘का’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडला की तिला ती जोडी दिसायचीच नाही. दोन दिवस डोकं फोडून घेतल्यावर मी वैतागून लिहून टाकलं: ‘न्हाई’, ‘नाही’, ‘का’, तिन्ही शब्द दोन्ही फायलींतून सरसकट उडव. पडदा एकदम शांत झाला, आणि मीही.

अर्धापूरच्या बाजूची ती केस त्याच महिन्यात आली. केळीच्या बागेत दोन चुलतभाऊ, सामाईक बोअर, त्यावर एकच मोटार, पाण्याची पाळी ठरलेली. त्यावरून भांडण लागलं आणि धाकटा तिथेच पडला. कुऱ्हाडीचे तीन घाव, शेवटचा मानेवर, इतका खोल की शवविच्छेदनाचा कागद टाइप करताना मी दोनदा उठून बाहेर गेले. थोरला भाऊ आरोपी, तो आमचा पक्षकार. बघणारी एकच, मेलेल्या पोराची आई, म्हणजे आरोपीची सख्खी चुलती. तिची साक्ष टिकली तर हा जन्मभर आत जाणार होता, आणि पडली तर घरी. एवढंच सगळं होतं.

त्याची बायको दर तारखेला यायची. दारापाशी बसायची, आत ये म्हटलं तरी यायची नाही. एकदा मला म्हणाली, “बाई, मशीनला नीट बगाया सांगा. त्यांनी न्हाई केलं. माझ्या गळ्याची शपथ घेतलीय त्यांनी.” तिच्या डोळ्यांत मला खोटं दिसलं नाही. आजही वाटतं, तिचा तिच्या नवऱ्यावर खराच विश्वास होता.

मी आईचे दोन्ही जबाब टाइप केले, कमांड दिली. पडदा गप्प राहिला. फरक नाही, बाई पहिल्या दिवसापासून एकच सांगते आहे, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं.

पण खुनाच्या केसमध्ये चाचांचा मशीनवर विश्वास नव्हता. म्हणाले, “कत्ल हाय बेटा, एकदा तोंडानं होऊ दे.” मी उजवा कान पुढे करून बसले. चाचा पोलिसांपुढचा जबाब वाचायला लागले. “म्या आवाज ऐकून पळत गेले. कुऱ्हाड ह्याच्या हातात म्या बघितली न्हाई.” माझं बोट कोर्टातल्या साक्षीवर होतं: ‘कुऱ्हाड ह्याच्या हातात मी बघितली.’ मी बोट उचललंच नाही. चाचाही सुपारी चावायचे थांबले.

साहेबांनी ऐकलं आणि आधी माझ्यावरच घसरले. “तुझ्यासारखंच तुझं मशीनही बहिरं!” मी दात खाऊन स्क्रिप्ट दुरुस्त केली. आधी सगळ्या ओळी जोड, मग ‘न्हाई का’ असेल तरच उडव, नुसत्या ‘न्हाई’ला हात लावू नको. पुन्हा कमांड दिली. ह्या वेळी पडद्यावर एकच जोडी आली, वर उणे, खाली अधिक, मध्ये फक्त एका शब्दाचा फरक. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. बाहेर बसलेल्या त्या बायकोने काय झालं हे न कळताच पदर तोंडाला लावला.

चहा पिता पिता मी पोलिसांपुढच्या जबाबाची झेरॉक्स पुन्हा बघितली. ‘न्हाई’ ओळीच्या शेवटी होता. पुढची ओळ ‘मंग म्या वरडले’ अशी सुरू होत होती, पण ‘मंग’च्या आधी, समासाला लागून, एक काळा ठिपका होता. पोलीस ठाण्यात कागद दोऱ्यात ओवताना दाभणाने भोक पाडतात, त्याचा झेरॉक्समध्ये असाच ठिपका येतो. भोकाच्या कडेला शाईची एक रेघ वाचली होती, काना असावा इतकी. जमादाराची ‘का’ खाली टाकायची सवय माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मी कागद उलटा ठेवला आणि चहा संपवला.

उलटतपासणीच्या तारखेला मी फाइल घेऊन कोर्टात गेले. आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. हिरव्या काठाचं लुगडं, कपाळ मोकळं, हातांची बोटं कठड्यात रुतलेली. साहेबांनी आवाज गोड केला. “मावशी, पोलिसांना तुम्ही सांगितलं की कुऱ्हाड ह्याच्या हातात बघितली न्हाई. बरोबर?”

“बघितली न्हाई का, सायब!”

“म्हणजे बघितली नाही.”

“बघितली न्हाई का वो! ह्या डोळ्यानं बघितली न्हाई का!” ती कठड्यावर कपाळ आपटायला लागली. एकदा, दोनदा, लाकडाचा आवाज यायला लागला. बांगड्या तर तिच्या हातात नव्हत्याच, नुसती हाडं वाजत होती. न्यायाधीश बाहेरून बदलून आलेले, त्यांनी विचारलं, “बाई, एक काहीतरी सांगा. बघितली की नाही?” सरकारी वकील उठून म्हणाले, तिची बोली आहे साहेब, तिला म्हणायचं आहे की… आमचे साहेब ताडकन उभे राहिले, साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नका म्हणून. आईच्या भुवईतून रक्त नाकापर्यंत आलं होतं. पोलीस बाईने तिचे दोन्ही हात मागे धरले आणि ती तशीच ओरडत राहिली, तेच तीन शब्द. साक्षीदार गोंधळलेली आहे, विधानं परस्परविरोधी आहेत, असं लिहून घेतलं गेलं.

मी तिच्यापासून दहा हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या फाइलमध्ये ते भोक होतं. माझी चुकलेली स्क्रिप्ट बरोबर होती आणि दुरुस्त केलेली चूक, हे त्या खोलीत एकट्या मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. नवऱ्याला पातेलं हाणणारी मी, भिंतीवर स्टेपलर आपटणारी मी, तिथे मुकी झाले. मला स्वतःची शिसारी आली, अजूनही येते.

जमादाराला नंतर सरकारी वकिलांनी साक्षीत विचारलं तेव्हा त्याने कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, लिहिलंय ते तिनं सांगितलंय. समासातल्या भोकाबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला.

चार दिवसांनी दुपारी तो पेढे घेऊन ऑफिसात आला. मागे बायको, पहिल्यांदाच दाराच्या आत. तो चाचांच्या पाया पडला, माझ्या हातावर पेढा ठेवला. जाडजूड, सरळ दिसणारा माणूस, नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग.

“बाई, तुमच्या मशीननं सोडवलं म्हन्ले सायब,” तो म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. “भाऊ व्हता माझा. लहानपणी माझ्याच ताटात जेवायचा. त्याला म्या मारला न्हाई…” आणि वाक्य अर्ध्यावर सोडून तो पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळायला लागला.

“हाव की. कोर्टानंबी तेच लिवलंय,” चाचा घाईने म्हणाले. बायकोने डोळे पुसले आणि मान हलवली.

मी पेढा टेबलावर ठेवला.

“का?” मी म्हणाले. मी फक्त त्याचं वाक्य पुरं करत होते.

त्याने मान वर केली. त्याला वाटलं, मी कारण विचारते आहे.

“पाळी माझी व्हती न्हाई का, बाई,” तो म्हणाला. “अन् मोटार त्यानं चालू केली.”