मधला दलाल

भेटल्याबरोबर आबा तुमचा हात धरायचे, खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकायचे आणि खालून तुमची बोटं दाबायला लागायचे. बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांची दलाली होती. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. ते ठीक. पण आबा चहाची ऑर्डरसुद्धा तशीच द्यायचे. हॉटेलवाला हात सोडवून घेत ओरडायचा, "आबा, किती कप ते तोंडानं सांगा की!" त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं. "डोळं फसवत्यात, तोंड फसवतं. हात न्हाई फसवत, राव."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला स्वतःच्या एकाच अवयवाचा फार गर्व असतो. कुणाला नाकाचा, कुणाला मिशीचा. आबांना बोटांचा. याच बोटांनी चाचपून त्यांनी एकदा गाभण म्हणून गाय घेतली होती. ती वर्षभर नुसती जाड होत गेली. विषय काढला की म्हणायचे, "हाताची चूक न्हाई. गाईनं फसवलं."

माझं गॅरेज ओतूरला. आबांचा टेम्पो ड्रायव्हर चालवायचा, आबा शेजारी बसून त्याला अक्कल शिकवायचे, आणि टेम्पो दर थोड्या दिवसांनी माझ्याकडे मुक्कामाला यायचा. असेच एकदा आले, तेव्हा मी माझी जुनी छोटी गाडी उघडून बसलो होतो. मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायची म्हणून तिच्या ड्रायव्हरची सोडून बाकी सीटा काढल्या होत्या आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला होता.

"ही काय कांद्याची चाळ हाय का?"

"शर्यतीची गाडी आहे, आबा. पॉवर स्टिअरिंग काढतोय. साधं बसवणार."

"हलकं चालतंय ते काढून जड बसवायचं? तुझं लग्न न्हाई झालं म्हून असलं सुचतं."

मी समजावून सांगितलं. पॉवर स्टिअरिंगमध्ये चाक आणि हात यांच्यामध्ये तेलाचा पंप येतो. आपल्या वतीनं तोच जोर लावतो, म्हणून हाताला हलकं वाटतं. पण चाक कुठं घसरलं, कुठं दगडावर गेलं, हेही तो हाताला नीट कळू देत नाही. शर्यतीत तेच तर कळायला हवं.

आबांनी वाकून तो पंप बघितला. मग एकदम खुलले. "म्हंजी मधला दलाल काढायचा! काढ, काढ. आमची अवलाद लई वाईट."

त्यानंतर ते रोज येऊन बसायला लागले. एका बाजाराच्या दिवशीही आले, तेव्हा मला नवल वाटलं. "आज बेल्हं नाही का?" मी विचारलं. त्यांनी उत्तराऐवजी माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि म्हणाले, "दाब."

मी दाबलं.

"दाब की."

"दाबतोय, आबा."

उपरण्याखाली माझ्या मुठीत त्यांची दोन बोटं होती. मी ती सोडली नाहीत.

"साखरंच्या रोगानं खाल्ली बोटं, बधिर झाल्यात," ते म्हणाले. "मागल्या बाजारला गिऱ्हाईकाचं बोट मला कळलंच न्हाई. सौदा मोडला. ऊन लागलं म्हून हसण्यावारी नेलं. पर बाजारला कळलं, तर माझ्या उपरण्याखाली कोन हात घालील? तुझं ते साधं स्टिअरिंग बसलं की मला धरू दे. हात हाय का गेला, येकदा बघू."

मी घाईनं पंपाचा पट्टा उतरवला आणि त्यांना बसवलं. आबांनी स्टिअरिंग धरून जोर लावला. ते जागचं हललं नाही. म्हातारा पांढराफटक पडला. "गेला रं हात."

"हात नाही गेला, आबा. नुसता पट्टा काढलाय, आतलं तेल तसंच आहे. तेच अडवतंय. मलाही जड जातंय."

"आधी सांगाया काय झालं? तेराव्याला जिलबी का बुंदी, इथवर आलतो मी!"

मग मी रीतसर काम केलं. पंप, नळ्या, चाकं वळवणारी तेलाची रॅक, सगळं काढलं. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलची, बिनतेलाची रॅक जुन्या बाजारातून आणली आणि बसवली. गाडी गॅरेजमागच्या माळावर नेली. आबांनी टोपी काढायला साफ नकार दिला, त्यामुळे हेल्मेट टोपीवरच अडकून बसलं. तरुणपणी ट्रॅक्टर चालवलेला माणूस, पहिल्या गिअरमध्ये निघाला. मी शेजारी पिंजऱ्याला धरून बसलो.

"लागला!" आबा ओरडले. "डावीकडं, दगुड लागला!" थोडं पुढं गेल्यावर, "ह्यो खड्डा! लागला!" सगळा माळ त्यांनी असा मोजून काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. मी म्हणालो, "बघा, हात आहे तुमचा."

त्यांनी गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते. "दगुड वरडतोय, म्हून ऐकू येतंय, लेका. मानसाचं बोट लई हळू बोलतं."

खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पिंजऱ्याच्या पाइपावर टाकलं आणि पायी निघाले. पुन्हा ते बेल्ह्याला गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं सगळ्यांना. बाजाराला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

यंदा उन्हाळ्यात आबा गेले. तेराव्याला बुंदी होती. जिलबी हवी होती, असं मला उगाच वाटत राहिलं.

उपरणं मी त्याच पाइपाला बांधून ठेवलंय, ते अजून तिथंच आहे. शर्यतीत वळणावर पुढचं चाक दगडावर जातं, स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि मी हेल्मेटमध्ये जोरात ओरडतो, "लागला, आबा!" ट्रॅकवरच्या पोरांना वाटतं, मी त्यांनाच शिव्या देतोय.