कापराच्या काजळीतल्या नळ्या

माझी मुलगी देवळाबाहेरच्या दुकानातून किलोने कापूर आणायची. दुकानदार विचारायचा, "एवढा कुठल्या पूजेला गं?" ती म्हणायची, "काका, काजळी करायचीय."

अंधेरीच्या एका कॉलेजात तिचं पीएचडीचं काम चालू होतं. कापराची वाफ भट्टीतल्या तापलेल्या नळीतून सोडायची आणि आत धरलेली काळी भुकटी खरवडून ठेवायची. दिंडोशीला घरी आली की तिच्या ओढणीला कापराचा वास यायचा.

मी शाळेत मराठी शिकवणारी. मला कार्बनची दोनच रूपं ठाऊक, हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट.

"आई, त्याच्या पुढे बरंच सापडलंय," ती म्हणाली. "साठ अणूंचा पोकळ चेंडू सापडला, मग नळ्या." तिने खालची चटई गुंडाळून दाखवली. "ग्रॅफाइटचा एक थर असा वळला की नळी. केसाहून हजारो पट बारीक. अणू तेच गं, कोणी कोणाचा हात कसा धरलाय त्यावर सगळं."

"तुझ्या काजळीत आहेत त्या?"

"असतील. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कसं सांगू? अजून नंबर लागायचाय."

नंबर लागायच्या आधी तिला डेंग्यू झाला. ताप उतरला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटली. मी मऊ भात करायला हॉस्पिटलातून घरी आले. परत जाईपर्यंत तिला आयसीयूत हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

काही महिन्यांनी तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन आला. "काकू, तिच्या काजळीचे सूक्ष्मदर्शकातले फोटो आलेत. बघायला येता?" हे म्हणाले, "मला नाही जमणार." मी एकटीच गेले.

कॉम्प्युटरवर करड्या रंगात समांतर रेघा होत्या. "या नळ्यांच्या भिंती," ती पोरगी म्हणाली. "एकीच्या आत दुसरी. मधे पोकळ. तिचं बरोबर होतं, काकू."

मी बराच वेळ बघत राहिले.

"रिसर्च पेपरवर पहिलं नाव तिचंच येईल. फक्त नावापुढे एक छोटी खूण असेल. तिचा अर्थ खाली लिहितात."

"काय लिहितात?"

"हयात नाही, असं." मीच तिला जवळ घेतलं. मग दोघीही रडलो.

घरी आले तेव्हा ह्यांनी ताटं वाढून ठेवली होती.

"दिसल्या?"

"दिसल्या."

"कशा होत्या?"

मी खालची चटई गुंडाळून दाखवली, तिने दाखवली होती तशी. समोरचा भात तसाच गार झाला.